राहणी आणि खर्च : दोन कॉलेजांचा हिशेब

बारावीचे निकाल लागले आणि प्रवेशपरीक्षेचे गुण हातीं आले, कीं मध्यम स्थितीच्या घरांत एक निराळेंच प्रकरण सुरू होतें. एरवीं जेवतांना भाजी कशी झाली एवढेंच बोलणारीं माणसें आतां पानावर बसून 'कट ऑफ', 'राउंड' आणि 'होस्टेल' यांविषयीं वाद घालूं लागतात. जागा मिळेल कीं नाहीं ही पहिली चिंता. ती मिटली आणि एकाऐवजीं दोन ठिकाणीं जागा मिळण्याचा संभव दिसूं लागला, म्हणजे दुसरी चिंता उभी राहते. एक कॉलेज जवळचें, कमी खर्चाचें, घरचें जेवण चालू ठेवणारें. दुसरें मोठ्या शहरांतलें, भारी खर्चाचें, पण जेथली राहणी डोळ्यांत भरते असें. बाप खर्चाकडे बोट दाखवितो, मूल राहणीकडे. आई दोघांच्या तोंडाकडे पाहते. वास्तविक दोघांचेंहि म्हणणें खरें असतें. मात्र 'खर्च' म्हणजे नेमका कोणता आणि 'राहणी' म्हणजे नेमकी कोणती, हें दोघांपैकीं कोणीच उलगडून पाहिलेलें नसतें.

उदाहरणादाखल तासगांवचें एक कुटुंब कल्पनेनें डोळ्यांपुढें आणावें. वडील बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्यें हिशेबनीस; आई घरीं शिवणकाम करिते. मोठी मुलगी इंजिनिअरिंगला जाऊं पाहते, धाकटा मुलगा नुकताच नववींत गेला आहे. मुलीपुढें दोन वाटा आहेत. सांगलीच्या बाजूचें एक कॉलेज, जेथें एस्. टी.नें रोज जाऊन येतां येईल. आणि पुण्यांतलें एक, ज्याचें वसतिगृह पांच मजली आहे, जेथें स्नेहसंमेलन तीन दिवस चालतें आणि ज्याचीं चित्रें मुलीनें मोबाइलवर पन्नास वेळां तरी पाहिलीं आहेत.

प्रथम खर्च. बहुतेक घरांत या बाबतींत पहिली चूक होते ती ही, कीं दोन कॉलेजांच्या फीचे आंकडे शेजारीं शेजारीं लिहून त्यांची वजाबाकी केली जाते. महाराष्ट्रांत विनाअनुदानित व्यावसायिक कॉलेजांची फी त्या कॉलेजाच्या मर्जीवर नसते. २०१५ च्या कायद्यान्वयें नेमलेलें शुल्क नियामक प्राधिकरण ती ठरवून देतें आणि ती प्रसिद्धहि होते. पावतीशिवाय जास्त रक्कम मागणें हा तर १९८७ च्या कॅपिटेशन फी प्रतिबंधक कायद्याचा उघड भंग होय. तेव्हां फीचा आंकडा कळणें अवघड नाहीं. पण तो आंकडा म्हणजे खर्च नव्हे. जुलै २०२४ मध्यें राज्य सरकारनें असा निर्णय केला, कीं ज्यांच्या कुटुंबाचें वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांच्या आंत आहे आणि ज्यांचा प्रवेश केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेंतून झाला आहे, अशा आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास वर्गांतील मुलींची शिक्षण फी व परीक्षा फी सरकारनें पूर्ण भरावी. तासगांवची ही मुलगी या निर्णयांत बसते असें धरूं. म्हणजे तिच्यापुरता दोन कॉलेजांच्या शिक्षण फींतला फरक जवळजवळ पुसलाच गेला. विकास शुल्क मात्र पुसलें गेलें नाहीं. आणि खोली, ताट, प्रवास, कपडे यांचा तर त्या निर्णयांत उल्लेखच नाहीं. फी गेली कीं मागें उरते ती राहणीच; आणि ज्या घरांत "आतां फी माफ आहे, मग पुणें कां नको?" असा प्रश्न विचारला जातो, त्या घरानें येथें क्षणभर थांबावें.

आंकडे समजुतीसाठीं धरलेले आहेत. ज्याचे त्यानें आपले घालावे. घरून जाऊन येऊन शिकल्यास विकास शुल्क व किरकोळ फी १५,०००, एस्. टी.चा पास आणि दुपारचा वरखर्च १२,०००, पुस्तकें व इतर सामान १३,०००. मिळून वर्षाला ४०,००० रुपये. पुण्यास फी २५,०००, वसतिगृह व खाणावळ १,१०,०००, कपडे, प्रवास, हातखर्च मिळून २५,०००; बेरीज १,६०,०००. म्हणजे फरक वर्षाला १,२०,००० रुपयांचा आणि चार वर्षांचा ४,८०,००० रुपयांचा. हिशेबनिसाच्या घरीं एवढी शिल्लक नसते. ती बँकेकडून आणावी लागते.

आणि येथें आंकडा आपलें रूप बदलतो. शैक्षणिक कर्जाची परतफेड बहुधा अभ्यासक्रम संपल्यानंतर एक वर्षानें सुरू होते. ही सवलत खरी. पण त्या काळांत व्याज झोंपलेलें नसतें. व्याजाचा दर दरसाल शेंकडा १० धरला व दर वर्षाच्या आरंभीं १,२०,००० रुपये उचलले, तर पहिल्या उचलीवर पांच वर्षांचें, दुसरीवर चार, तिसरीवर तीन आणि चौथीवर दोन वर्षांचें, मिळून चौदा वर्षांचें सरळ व्याज होतें. तें १,६८,००० रुपये. म्हणजे पहिला हप्ता भरण्याच्या दिवशीं कर्ज ४,८०,००० नसून ६,४८,००० असतें. तें दहा वर्षांत फेडावयाचें म्हटल्यास महिन्याचा हप्ता सुमारें ८,५६० रुपये पडतो, आणि शेवटच्या हप्त्यापर्यंत एकंदर सुमारें १०,२७,००० रुपये बँकेकडे जातात. चार लाख ऐंशी हजारांची राहणी ही दहा लाख सत्तावीस हजारांस पडली. ज्या घरांत हप्ता भरण्याऐवजीं शिकत असतांनाच दरमहा व्याज भरतां येईल, तेथें हा आंकडा बराच खालीं येतो. म्हणून कर्जाच्या कागदांवर सही करण्यापूर्वीं ती सोय आहे कीं नाहीं हें विचारावें. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठीं या सवलतीच्या काळांतील व्याजाचा भार उचलणाऱ्या सरकारी योजनाहि आहेत. नोव्हेंबर २०२४ मध्यें केंद्र सरकारनें मंजूर केलेली विद्यालक्ष्मी योजना त्यांतलीच; मात्र ती निवडक संस्थांपुरतीच लागू आहे, आणि आपलें कॉलेज त्या यादींत आहे कीं नाहीं हें जाहिरातीवरून नव्हे, यादीवरूनच पाहिलें पाहिजे.

आतां त्या नववींतल्या मुलाकडे वळूं. त्याच्याविषयीं या सर्व चर्चेंत कोणी बोलत नाहीं, कारण त्याचा प्रश्न आज उभा नाहीं. पण ज्या उन्हाळ्यांत बहिणीचें चौथें वर्ष संपेल, त्याच उन्हाळ्यांत त्याची बारावी संपेल. बहिणीला मिळालेली संपूर्ण फीमाफी त्याला नाहीं. त्याच उत्पन्नमर्यादेंतील मुलग्यांस साधारणतः निम्म्या शिक्षण फीची सवलत मिळते. म्हणजे ज्याची फी अधिक पडणार, त्याची पाळी येईपर्यंत घराची पत अगोदरच गहाण पडलेली असेल. कर्ज मुलीच्या नांवावर असलें तरी सहकर्जदार म्हणून सही बापाचीच असते. थोरल्या अपत्याच्या वेळीं हात मोकळा सोडावयाचा आणि धाकट्याच्या वेळीं "आतां जवळचेंच पाहा" म्हणावयाचें, असें पुष्कळ घरांत घडतें. त्यांत कोणाचा दुष्टपणा नसतो, पण धाकट्यास तें जन्मभर आठवतें. यासाठीं दोन कॉलेजांचा हिशेब मांडतांना वही मुलीच्या नांवाची न उघडतां घराची उघडावी, आणि त्यांत दोन्ही मुलांचीं पानें असावींत.

एवढें ऐकून कोणी म्हणेल, कीं मग निकाल लागलाच, सांगलीस जावें. इतक्या झटपट तो लागत नाहीं. कारण जवळचें कॉलेजहि फुकट नसतें. तें पैशाऐवजीं वेळ घेतें. एस्. टी.च्या विद्यार्थी पासांत दोनतृतीयांश सवलत आहे, पण गाडीची वाट पाहण्यांत सवलत नाहीं. तासगांवाहून निघून वर्गांत पोंचावयास आणि परत यावयास मिळून अडीच तास जात असतील, तर आठवड्याच्या सहा दिवसांत पंधरा तास झाले. वर्षांतले तीस आठवडे जरी धरले तरी साडेचारशें तास. चार वर्षांत अठराशें. प्रयोगशाळेचें काम संध्याकाळीं लांबलें तर शेवटच्या गाडीकडे लक्ष. ग्रंथालय रात्रीं आठपर्यंत उघडें असून तिला त्याचा उपयोग नाहीं. आणि घरीं पोंचल्यावर पाहुणे आले असतील तर चहा ठेवावयास हांक तिलाच. मुलग्यास ती हांक बहुधा येत नाहीं. घरीं राहून शिकण्याची किंमत मोजतांना मुलीची किंमत निराळी मोजावी लागते, हें आयांस ठाऊक असतें. त्या बोलून दाखवीत नाहींत इतकेंच.

तेव्हां राहणी हा शब्द थट्टेवारी नेण्यासारखा नाहीं. तसा हा वाद जुनाच आहे. मुंबई विद्यापीठ १८५७ सालीं निघालें, तेव्हांपासून कोंकणांतलीं व देशावरचीं मुलें घर सोडून शिकावयास जात आलीं, आणि प्रत्येकाच्या पाठीमागें कोणाचा तरी हिशेब होता. गोपाळ कृष्ण गोखले कोल्हापुरास शिकत असतां त्यांचे वडील बंधु गोविंदराव यांस महिना १५ रुपये पगार होता. त्यांतले ८ रुपये ते गोपाळरावांस पाठवीत आणि उरलेल्या ७ रुपयांत आपला संसार चालवीत. पुढें गोखले १८८४ सालीं एल्फिन्स्टन कॉलेजांतून बी. ए. झाले. त्यांच्या चरित्रांत हे ८ रुपये ठळक अक्षरांत येतात. त्या ७ रुपयांत घर कसें भागविलें जाई हें कोणी फारसें लिहीत नाहीं. पुण्यांतल्या गरीब विद्यार्थ्यांची तर माधुकरीची किंवा वार लावून जेवण्याची रीत होती. सोमवारीं एका घरीं, मंगळवारीं दुसऱ्या. सात वार भरले कीं आठवडा पार पडला. ज्याचा एखादा वार रिकामा राही, त्याला त्या दिवशीं उपास घडे, आणि तो एकादशीचाच असे असें नाहीं.

याच पुण्यांत येरवड्यास, गांवापासून दूर, १८६८ पासून डेक्कन कॉलेज भरूं लागलें. तेथें विद्यार्थी कॉलेजाच्या आवारांतच राहात. टिळक तेथलेच आणि आगरकरहि तेथलेच. टिळकांनीं कॉलेजांतलें पहिलें वर्ष अभ्यास बाजूस ठेवून शरीर कमावण्यांत घालविलें ही गोष्ट सर्वश्रुत आहे. आगरकरांची स्थिति याच्या उलट. एकच सदरा, तो रात्रीं धुवावा आणि सकाळीं घालावा, असे त्यांचे दिवस सांगतात. राहण्याची जागा दोघांची एक, पण राहणी दोघांची दोन प्रकारची. तरीहि त्या आवारांतल्या मुक्कामांत, १८७९ च्या सुमारास, रात्रींबेरात्रीं जीं बोलणीं झालीं, त्यांतून चिपळूणकरांच्या साथीनें १८८० सालीं न्यू इंग्लिश स्कूल निघालें, १८८४ सालीं डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ सालीं फर्ग्युसन कॉलेज. संध्याकाळची गाडी पकडून घरीं जाणाऱ्या दोन विद्यार्थ्यांत हीं बोलणीं झालीं नसतीं असें नाहीं. पण होणें कठीण होतें. येथें ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट अशी, कीं आगरकरांस त्या मुक्कामाचा जो लाभ झाला तो एका सदऱ्यावर झाला. सोबत आणि मोकळा वेळ हा राहणीचा एक भाग. कपडे, फराळ आणि खोलीचा थाट हा दुसरा. पहिल्याची किंमत पुष्कळदां थोडी असते, आणि कॉलेजें जाहिरात करितात ती दुसऱ्याची.

हे दोन भाग वेगळे करण्यास कॉलेजांत एक फेरी मारावी लागते, आणि ती प्रवेशाच्या दिवसांत मारून उपयोग नाहीं. त्या दिवसांत भिंतींचा रंग ओला असतो आणि स्वागतास उभे असलेले लोक फार गोड बोलतात. साध्या आठवड्यांतल्या साध्या दिवशीं जावें. खाणावळींत रात्रींचें जेवण पैसे देऊन जेवावें, कारण पाहुण्यांस दुपारचें दाखवितात. ग्रंथालयांत सायंकाळीं सात वाजतां किती खुर्च्या भरलेल्या आहेत तें पाहावें. पाणी किती वाजेपर्यंत येतें, आजारी पडल्यास रात्रीं दवाखान्यांत कोण नेतो, दार किती वाजतां बंद होतें आणि मुलांच्या व मुलींच्या दारांस एकच घड्याळ आहे कीं दोन, हे प्रश्न तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थिनीस विचारावे. पहिल्या वर्षाचीस अजून नवल असतें आणि चौथ्या वर्षाचीस निघण्याची घाई. वसतिगृहांत जागा न मिळाल्यास पुण्याच्या पेठांतून 'कॉट बेसिस'च्या पाट्या लागलेल्या असतात. खोली नव्हे, खोलींतली एक खाट भाड्यानें घ्यावयाची. शिवाय अनामत निराळी, डबा निराळा, आणि खाटेवर बसून अभ्यास होत नाहीं म्हणून अभ्यासिकेची वर्गणी निराळी. मुलीनें मोबाइलवर पाहिलेल्या चित्रांत या खाटेचें चित्र नसतें.

स्नेहसंमेलन, नाटकें, स्पर्धा यांकडे वडील मंडळी नाक मुरडतात तें मात्र सर्वस्वीं योग्य नव्हे. पुण्यांत १९६३ सालीं सुरू झालेली पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धाच घेतली, तर तिच्या तालमींत महिना दीड महिना घालविणारा विद्यार्थी दहा जणांशीं जुळवून घेणें, दिलेली वेळ पाळणें आणि चारचौघांत स्पष्ट बोलणें जें शिकतो, तें कोणत्याहि प्रयोगवहींत लिहिलेलें नसतें. तीन दिवस भाडोत्री गायक आणून उडविलेला धुरळा निराळा. विद्यार्थी स्वतः काय करितात, आणि त्यांच्यापुढें काय करून दाखविलें जातें, एवढा भेद पाहिला म्हणजे पुरे.

कॉलेजांचा तिसरा मोठा शब्द म्हणजे 'पॅकेज'. खर्चाचें समर्थन बहुतेक वेळां याच शब्दावर उभें असतें. येथें शाळेंतल्या अंकगणिताची आठवण ठेवावी. दहा विद्यार्थ्यांपैकीं नऊ जणांस वर्षाला ३ लाखांची नोकरी लागली आणि एकास ३३ लाखांची, तर सरासरी ६ लाख निघते. पण सहा लाख त्या दहांत कोणालाच मिळालेले नसतात. सर्वांस चढत्या ओळींत उभें करून मधल्याचा पगार पाहावा, त्यास मध्यक म्हणतात. तो येथें ३ लाखच आहे. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय क्रमवारींत, जी २०१६ पासून प्रसिद्ध होते, भाग घेणाऱ्या संस्था हा मध्यक पगार आणि किती विद्यार्थ्यांस नोकरी लागली ती संख्या देतात. दोन्ही कॉलेजांचे हे आंकडे शेजारीं ठेवावे. पुण्याचा मध्यक सांगलीपेक्षां महिन्याला ८,५६० रुपयांहून पुष्कळ अधिक असेल, तर कर्जाचा हप्ता तरी निघेल. तेवढा नसेल, तर मुलगी नोकरीच्या पहिल्या दहा वर्षांत आपल्या वसतिगृहाचें भाडेंच फेडीत राहील. त्यांत पुण्यांत नोकरी करणाऱ्यास पुण्यांतच खोली घ्यावी लागते, हेंहि विसरूं नये.

दोन वाटांची चर्चा करतांना तिसरी वाट बहुधा नजरेआड होते. दूर जावें, पण राहणी साधी ठेवावी. महाराष्ट्रास ही कल्पना नवी नाहीं. कर्मवीर भाऊराव पाटलांनीं १९१९ सालीं रयत शिक्षण संस्था काढली, आणि १९४७ सालीं साताऱ्यास निघालेल्या त्यांच्या शिवाजी कॉलेजांत मुलें श्रम करून आपल्या शिक्षणाचा खर्च भागवूं लागलीं. 'कमवा आणि शिका' हे शब्द तेथून घरोघर गेले. पुण्यांत १९५५ सालीं अच्युतराव आपट्यांनीं विद्यार्थी साहाय्यक समिति स्थापिली, ती खेड्यांतून येणाऱ्या गरजू मुलामुलींसाठीं अल्प खर्चांत वसतिगृहें चालविते. अशा ठिकाणीं जागा मिळाली, आणि वरच्या हिशेबांतले १,१०,००० समजा ४०,००० वर आले, तर पुण्याचा वर्षाचा खर्च ९०,००० होतो. सांगलीशीं फरक १,२०,००० चा न राहतां ५०,००० चा उरतो. एवढा शिवणकामाच्या मिळकतींतून आणि थोड्या काटकसरीनें पुष्कळ अंशीं निघण्याजोगा आहे. कर्ज घ्यावें लागलेंच तरी तें निम्म्याहून कमी. मात्र येथें मुलीला स्पष्ट विचारलें पाहिजे. पांच मजली वसतिगृहांतल्या मैत्रिणींच्या शेजारीं बसून चार वर्षें साध्या खोलींत राहण्याची तिची तयारी आहे काय? तें तिनें होय म्हणावें म्हणून विचारावयाचें नाहीं. ती नाहीं म्हणाली तर तिला पुण्यांत काय हवें होतें हें तिचें तिलाहि कळेल, आणि होय म्हणाली तर बापाची अर्धी भीति तेथेंच संपेल. शिवाय अशा वसतिगृहांचे अर्ज कॉलेजाच्या प्रवेशाची वाट पाहात नाहींत. निकालाच्या सुमारासच मुदत संपते आणि मुलाखतीस पालकांस हजर राहावें लागतें. प्रवेश झाल्यावर पाहूं म्हणणारांस खाटेची पाटीच शोधावी लागते.

आणि हें सर्व ठरविण्याची वेळ घरोघर चुकते. लोक समजतात, कीं पसंतीचा अर्ज भरावा, काय मिळतें तें पाहावें आणि मग बसून विचार करावा. केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेंत तसें होत नाहीं. अर्जांत कॉलेजें ज्या क्रमानें लिहिलीं तोच क्रम धरला जातो; पहिल्या क्रमांकावर लिहिलेली जागा मिळाली तर ती घ्यावीच लागते, नाकारल्यास पुढच्या फेऱ्यांचें दार बंद होतें. म्हणून तासगांवच्या त्या घरानें वही, कर्जाचा हिशेब, खाणावळींत जेवून आलेला अनुभव आणि वसतिगृहाच्या अर्जाची पोंच हें सगळें घेऊन जेवणाच्या पानावर नव्हे, जेवण उरकल्यावर सतरंजीवर बसावें, तें अर्जाच्या शेवटच्या तारखेच्या निदान चार दिवस आधीं. नववींतल्या मुलालाहि बोलवावें. पहिल्या ओळींत कोणत्या कॉलेजाचें नांव घालावयाचें तें मुलीनें स्वतःच्या हातानें लिहावें, आणि त्याच्या खालीं दर महिन्याचा आंकडा वडिलांनीं.